टोपीला न येणारं उत्तर

कोहळ्याने 'हो' म्हटलं, आणि प्रणालीची सुटीची सकाळ तिथंच नासली.

झालं ते असं. नागपुरात गोळीबार चौकामागे हेडाऊंचं घर. तिथं दर रविवारी टोपी पुसायचा कार्यक्रम असे. ही टोपी साधीसुधी नव्हे. दिगांबर हेडाऊंना मेंदूच्या देठाशी झटका आला, तेव्हापासून त्यांचं सगळं अंग थिजलं होतं. बोलणं गेलं, हातपाय गेले, डोळेसुद्धा आपल्या मनाने हलेनात. आत माणूस जागा आहे की नाही, हे सांगायला डॉक्टर कचरत होते. मग बाजारात ही टोपी आली. आजाऱ्याच्या डोक्यावर चढवायची आणि प्रश्न विचारायचा. 'हो' म्हणायचं तर त्याने मनातल्या मनात उजवी मूठ आवळायची, 'नाही' म्हणायचं तर डावी. तेवढ्याने मेंदूत जे इवलंसं चुंबकीय क्षेत्र उठतं ते टोपीतलं अतिवाहक कडं पकडायचं आणि टोपीच्या पेटीवर हिरवा 'हो' नाहीतर तांबडा 'नाही' उमटायचा.

पुसलेली टोपी त्यांची बायको ज्योत्स्नाबाई कोहळ्यावर वाळत घालत, आकार बिघडू नये म्हणून. त्या दिवशी बटण बंद करायचं राहिलं. त्यांची लेक प्रणाली ओट्याला टेकून चहा पीत होती. आईने सवयीने, पाठमोरीच राहून, आतल्या खोलीकडे आवाज टाकला, "दुपारी भरीत करू का जी?"

कोहळ्यावरच्या टोपीने ताबडतोब हिरवा 'हो' दाखवला.

ज्योत्स्नाबाई खो खो हसल्या. "पाह्य वं, कोहळ्यालेबी भरीत पाहिजे!"

प्रणाली हसली नाही. आई नवऱ्याचं अंग पुसायला आत गेली, तसा तिने कप खाली ठेवला आणि कोहळ्यापुढे वाकून हळूच विचारलं, "तू कोहळं आहेस का?" तांबडा 'नाही'. पुन्हा विचारलं. हिरवा 'हो'. पुन्हा. 'हो'. पुन्हा. 'नाही'. कोहळं कधी असं म्हणे, कधी तसं. पण गप्प म्हणून एकदाही बसलं नाही. दरवेळी ठाम, दरवेळी लख्ख.

बिनडोक कोहळ्यावर टोपीने काहीच दाखवायला नको होतं. आणि याच टोपीने, तीन महिन्यांपूर्वी, दोन डॉक्टरांच्या समोर, एका प्रश्नाला तांबडा 'नाही' दिला होता. प्रश्न होता, "पुढे श्वास अडला, तर मशीन लावायचं का?" नव्या कायद्याने टोपीचं उत्तर माणसाची इच्छा म्हणून धरलं जाई. त्या दिवशी ज्योत्स्नाबाई मोरीत जाऊन रडल्या होत्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, "त्यायनं सांगतलं ना, मंग तसंच होईन."

प्रणालीला घरात बसवेना. ती गच्चीवर गेली, खाली आली, फ्रीज उघडून उगाच बंद केला. आईने दोनदा टोकलं, "काऊन अशी फिरून राहिली? पायाले भिंगरी बांधली का?" ती पुन्हा जिना चढली. सांगायचं तरी काय? टोपीतलं ते कडं ज्या पदार्थाचं होतं, तो तिच्याच प्रयोगशाळेत जन्मला होता. आणि त्याच्या ऊर्जाफटीचं मोजमाप करणाऱ्यांत तिचं नाव होतं.

आता ही ऊर्जाफट काय भानगड आहे, ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको.

साध्या तारेत इलेक्ट्रॉन एकेकटे धावतात, धडपडतात, वाटेत ऊर्जा सांडतात. अतिवाहकात ते जोड्या करतात, आणि जोडीने निघालेल्यांना कुणी अडवू शकत नाही. वीज कणभरही वाया न जाता फिरत राहते. जोडी फोडायची तर काही किमान ऊर्जा मोजावी लागते. ती किंमत म्हणजे ऊर्जाफट. जुन्या, अतिथंड अतिवाहकांत ही किंमत सगळ्या दिशांना सारखी असते, घराभोवती एकाच उंचीचं कुंपण असावं तशी. पण त्यामानाने उबेत चालणारे जे अतिवाहक पुढे सापडले, त्यांतल्या बऱ्याच जणांचं कुंपण असं नसतं. स्फटिकाच्या कडांच्या दिशेने ते उंच असतं, आणि कोपऱ्यांच्या दिशेने, कर्णावर, अगदी जमिनीला टेकतं.

यात आणखी एक मेख आहे. जोड्यांची मिळून जी लहर असते, तिला चिन्ह असतं. कुंपण सगळीकडे उभं असेल, तर चिन्ह सहसा एकच राहतं. कर्णावर ते शून्याला टेकत असेल, तर पलीकडे निघताना लहर उलटी होऊ शकते: पूर्व-पश्चिम कडांना अधिक, उत्तर-दक्षिण कडांना उणे. कडांवर उंची मोजणाऱ्याला दोन्हीकडे सारखीच दिसते. चिन्ह मात्र उंचीत दिसत नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. किनखेडे यांचा पदार्थ म्हणजे निकेलचा थराथरांचा काळा स्फटिक. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याएवढ्या गारव्यात तो अतिवाहक होई, म्हणून तर टोपी घरोघर पोचली. तो आपोआप चौकोनी तुकड्यांत फुटायचा, आणि प्रयोगशाळेत सगळे त्याला 'वडी' म्हणत. किनखेडे सर माणूस देव, पण नीटनेटकेपणाचं वेड भारी. वडी तबकडीवर कडेला कड मिळवूनच चिकटवायची, हा त्यांचा दंडक. नव्या विद्यार्थ्याने जरा तिरकी लावली की सर चिमटा घेऊन स्वतः सरळ करायला बसत. "पाहुण्यांसमोर ताट तिरकं ठेवता का रे?" इतक्या वर्षांत त्या इमारतीत एकही वडी तिरकी लागली नव्हती. त्यामुळे कर्णाच्या दिशेने कुणी कधी मोजलंच नव्हतं. पूर्वेला मोजलं, उत्तरेला मोजलं, उंची तंतोतंत सारखी आली, आणि सगळ्यांनी मिळून जाहीर केलं की कुंपण चोहोबाजूंनी सलग आहे. प्रणालीनेही त्यावर सही ठोकली होती.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि वडी तिरकी चिकटवली. देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं वाटलं. वडीच्या कोपऱ्यावर सुईसारखं टोक टेकवलं आणि आलेख उमटायची वाट बघत नखं खाल्ली. कडेच्या दिशेने मोजताना आलेखाच्या मध्यावर एक रुंद, सपाट दरी दिसायची. आज दरी नव्हतीच. ऊर्जाफटीची किंमत या दिशेने शून्य होती, आणि बरोब्बर मधोमध एक टोकदार सुळका उभा होता. उलट्या चिन्हाच्या लहरी एकमेकींना भिडल्या की असा सुळका उठतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं.

किनखेडे सर आले ते दारातूनच म्हणाले, "प्रणाली, वडी तिरकी लागली आहे."

"हो सर. मुद्दाम लावली."

त्यांनी चिमटा उचलला, आलेख पाहिला आणि चिमटा परत ठेवला. मग खुर्ची ओढून बसले.

"टोपीतलं कडं कसं जोडतात?" प्रणालीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

"दोन तुकडे. एक जोड वडीच्या एका कडेवर, दुसरा शेजारच्या कडेवर. कोपऱ्याभोवती. जागा वाचते म्हणून." सरांचा आवाज खोल गेला. "म्हणजे लहर कड्यातून फेरी मारून परत येते ती उलटी होऊन. निसर्गाला तो हिशेब चालत नाही. तो फरक भरून काढायला कडं स्वतःच वीज फिरवतं. बाहेर काही असो वा नसो."

"उजवीकडून नाहीतर डावीकडून. म्हणजे 'हो' नाहीतर 'नाही'."

"हो. दोन्ही सारख्याच सोयीच्या. प्रश्न ऐकू आला की पेटी कडं जरा तापवून पुन्हा गार करते, तेव्हा ते जे निवडेल ते." त्यांनी चष्मा काढला. "आणि आपण खूष होतो, इशारा इतका स्पष्ट येतो म्हणून."

"पण डोक्यात खरंच काही उठलं तर ते कड्याला थोडं त्या बाजूला ढकलेल ना? मग काही उत्तरं खरीही असतील."

"असतील. किती आणि कुठली, ते कसं सांगणार?"

प्रणालीला त्यांचा राग आला, मग आपला आला, मग त्या नीटनेटक्या, सरळ रेषेत मांडलेल्या वड्यांचा आला. गावोगावी हजारो टोप्या होत्या. हजारो घरांत माणसं टोपीला विचारत होती: दुखतंय का, मुलाला बोलावू का, जमीन विकू का. आणि कडं आपलं टिचकीने नाणं उडवल्यासारखं बोलत होतं.

"सर, दोन्ही जोड एकाच कडेवर घेतले तर?"

"तर चिन्ह उलटणार नाही. बाहेर काही नसेल तर कडं गप्प राहील." ते उठले. "थांब, मी करून देतो. दुपारी कंपनीला फोनही मीच लावणार. आधी हे."

जोड भट्टीतून निघायला संध्याकाळ झाली. प्रणालीने घरची दुसरी टोपी, अडीअडचणीला म्हणून ठेवलेली, सकाळीच सोबत आणली होती. तिच्यात नवं कडं बसवलं, पेटीतल्या चिपला तिसरं उत्तर शिकवलं. 'हो' नाही, 'नाही' नाही, तर पडदा कोरा. टोपी खुर्चीच्या पाठीवर ठेवून प्रश्न विचारला: कोरा. स्वतःच्या डोक्यावर घेतली, "मी प्रणाली आहे का?" म्हणून मनात उजवी मूठ आवळली: हिरवा. डावी आवळली: तांबडा. मन मोकळं सोडलं: कोरा. टोपी पहिल्यांदाच खरं बोलायला लागली होती, आणि प्रणालीला आनंद म्हणून होईना.

तेवढ्यात आईचा फोन आला. बाबांना दुपारपासून ताप होता, छातीत घरघर होती, शेजाऱ्यांनी दवाखान्यात आणलं होतं. "तू ये लवकर," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

दवाखान्यात डॉ. लांजेवार दारातच भेटल्या. तरुण, दमलेल्या, पण बोलायला मऊ. "न्यूमोनिया आहे. ऑक्सिजन देतोय, तो पुरत नाहीये. थोड्या वेळात ठरवावं लागेल. फाइलवर त्यांचा नकार आहे. काकू म्हणतात, नकार तो नकार."

ज्योत्स्नाबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. पदर दोन्ही मुठींत घट्ट धरलेला.

"आई, आयक न. तो 'नाही' बाबांचा नव्हता. म्हणजे, होता की नव्हता हे कुणालाच सांगता यायचं नाही."

"काय बोलून राहिली तू?"

प्रणालीने सांगितलं. कुंपण, चिन्ह, कोपरा, कोहळं, सगळं एका दमात, अर्धं चुकत, अर्धं पुन्हा सांगत. आईला कुंपणाबिंपणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिने कोहळ्यापर्यंतचं ऐकलं आणि हात वर करून लेकीला थांबवलं.

"म्हंजे आठ महिने मी कोहळ्याशी बोलून राहिली होती?"

प्रणालीला 'नाही' म्हणवेना आणि 'हो' म्हणवेना.

"सकाळी उठली की विचारो, झोप लागली का जी. 'हो'. पोहे करू का. 'हो'. पंखा बंद करू का. 'नाही'." ज्योत्स्नाबाईंचा आवाज चढला, तशी पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "लोकं म्हणत, ज्योत्स्ना, तुहं नशीब, तुहा नवरा बोलते. अन् तू आता मले सांगून राहिली? आज?"

"आज ठरवायचं आहे म्हणून सांगते. मी ही टोपी दुरुस्त करून आणली. एकदा विचारू त्यांना. पुन्हा."

"अन् त्यायनं पुन्हा 'नाही' म्हटलं तर?"

"तर ते खरंच त्यांचं असेल. मग मी मधे येणार नाही."

आई उठली. टोपी तिने लेकीच्या हातून घेतली आणि स्वतः आत नेली. नवऱ्याच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारून टोपी चढवली, पट्टा कानामागून नीट घेतला. दिगांबररावांचा चेहरा तापाने लाल झाला होता. श्वास वर वर चालला होता. डॉ. लांजेवार पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"बाबा," प्रणाली म्हणाली. "श्वासाला मशीन लावू का? लावायचं तर उजवी मूठ."

पडदा कोरा.

तिने पुन्हा विचारलं. उलट करून विचारलं. "मशीन नको आहे का?" कोरा. "बाबा, मी प्रणाली. ऐकू येतंय का?" कोरा.

"ताप आहे, ग्लानी असेल," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "यावरून आत कुणी नाही, असं म्हणता येत नाही. आहे, असंही नाही."

प्रणालीने टोपीचा पट्टा सोडायला हात पुढे केला. आईने तिचं मनगट धरलं.

"थांब. मले एक विचाराचं आहे." ती वाकली. इतकी की टोपीला तिचं कपाळ लागलं. "राग आहे का जी माह्यावर?"

कोरा.

"कशाचा राग?" प्रणालीने विचारलं.

ज्योत्स्नाबाई पडद्यावरून नजर न काढता बोलायला लागल्या. "ज्या दुपारी झटका आला ना, तवा आमचं भांडण झालतं. माह्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं उमरेडले. हे म्हणे, मी नाही येत. मी म्हटलं, दरवेळी तुमचं असंच. बोललो एकमेकाले भरपूर. मंग हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मी म्हटलं, बसा फुगून. माह्यापुरता चहा केला, पिला. हाक मारली, 'हो' नाही की 'नाही' नाही. मले काय ठाऊक तेव्हा झटका येऊन गेला होता. मी दिवा लावेपर्यंत तशीच बसून राहिली." तिने पदराने नाक पुसलं. "टोपी आली त्या पहिल्या दिवशी तू भाजी आणाले गेली होती, तवा मी हेच विचारलं. 'नाही' म्हणे. तांबडा. त्या 'नाही'वर जगून राहिली मी आठ महिने."

मशीनचा 'नाही' खोटा ठरवायला प्रणाली धावत आली होती. त्यासोबत आईचा हाही 'नाही' जाईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. "आई," ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

ज्योत्स्नाबाई ऐकत नव्हत्या. त्या कोऱ्या पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. मग, कुणाला अपेक्षा नसताना, त्या चक्क हसल्या.

"पाह्य वं, पाह्य याईले. हे हे असंच! अडतीस वर्षं झाली लग्नाले. रागावले की तोंडातून शब्द नाही. चार-चार दिवस. 'हो' नाही, 'नाही' नाही, बसा विचारत." त्यांनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. "मले तवाच वाटत होतं. हा माणूस इतक्या पटापट उत्तरं कधी देत होता? मी म्हणो, आजारपणानं सुधरले असतीन. हे नव्हतेच ते. हे आता आहेत."

शून्य म्हणजे शून्य. त्यात राग नाही, माया नाही; कड्यातून वीज फिरली नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे प्रणालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळून टाकलं.

"डॉक्टर, लावा मशीन," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "रुसलेल्या माणसाले मी असं जाऊ नाही देणार."

डॉ. लांजेवारांनी प्रणालीकडे पाहिलं. "फाइलवर त्यांचा नकार आहे. मला तो ओलांडता येणार नाही, जोपर्यंत..."

"तो नकार टोपीचा होता," प्रणाली म्हणाली. "त्या कड्याच्या पदार्थावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत मी एक आहे. आम्ही चुकलो. मी आत्ता लिहून देते, आणि आमचे सरही देतील." उद्या हे सगळीकडे होईल, प्रयोगशाळेचं नाव जाईल, आणि असल्या किती घरांत किती बायका तिला शिव्याशाप देतील, हे तिला बोलता बोलताच दिसलं. तरी ती थांबली नाही. "मशीन लावा."

डॉक्टर लगबगीने वळल्या. माणसं आली, खाटेभोवतीचा पडदा ओढला गेला, मायलेकी बाहेर उभ्या राहिल्या. प्रणालीने कशावर तरी सही केली. तिचे पाय एका जागी ठरेनात. आई मात्र भिंतीला टेकून शांत उभी होती, डोळे मिटून.

पडदा उघडला तेव्हा दिगांबररावांच्या तोंडात नळी होती आणि छाती मशीनच्या तालावर वरखाली होत होती. टोपी उशाशी पडली होती. प्रणालीने ती उचलून चढवायला घेतली, तशी आईने मान हलवली. "राहू दे. नाही लागत ते."

तिने स्टूल पुढे ओढलं, पदर खोचला, आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. "हं, तर काय म्हणत होते तुम्ही?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "माह्या बहिणीनं तुमचं असं काय घोडं मारलं होतं?" आणि त्या दुपारी अर्धवट राहिलेलं भांडण त्यांनी तिथून पुढे सुरू केलं.